मैदान राखणाऱ्यांचाही सत्कार : टेक्सासच्या सीमेवरच्या गावात खेळाडूंचा गौरव कसा करावा

लारेडो हे टेक्सासच्या दक्षिण सीमेवरचं गाव. वस्ती अडीच लाखांच्या आसपास, आणि शंभरातली पंच्याण्णव माणसं लॅटिनो. नदी ओलांडली की मेक्सिकोचं नुएवो लारेडो. १७५५ मध्ये गाव वसलं तेव्हा नदी मधून वाहत होती, एवढंच. १८४८ च्या तहाने तीच सरहद्द झाली आणि एका गावाची दोन गावं झाली. इथला बेसबॉल संघ मात्र अजून दोघांचा आहे. ‘तेकोलोतेस दे लोस दोस लारेडोस’, म्हणजे दोन्ही लारेडोंची घुबडं. आपल्याकडे घुबड दारात बसलं तर आजी दगड मारायला धावते. इथे पोरं त्याच्या टोप्या घालून मिरवतात. मेक्सिकन लीगमधला हा संघ १९८० च्या दशकात दोन्ही देशांत घरचे सामने खेळायचा. मग खंड पडला, आणि २०१८ पासून ते पुन्हा सुरू झालं.

मी इथे मालवाहतुकीच्या कचेरीत काम करतो. पुलावरून ट्रक जातात, मी त्यांचे कागद बघतो. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या वस्तीतल्या लीगच्या लोकांनी जुन्या खेळाडूंच्या सत्काराची समिती काढली आणि मला एकच प्रश्न विचारला : ‘तुला एक्सेल येतं ना?’ तेव्हापासून मी अडकलो तो अडकलोच. एल पासो, मॅकअॅलन, ब्राउन्सव्हिल, लारेडो अशा गावांत नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी माणसं आता बरीच भेटतात, आणि त्यांनाही कुणी ना कुणी असं ओढतंच. त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत लिहून ठेवतो. बराचसा भाग चुका करून शिकलेला आहे.

आधी ठरवा : सत्कार नेमका कुणाचा?

पहिल्या बैठकीत सगळे मोठी नावं घेतात. बेसबॉलमधले फर्नांडो वालेन्सुएला आणि रॉबर्टो क्लेमेंटे, गोल्फमधली नॅन्सी लोपेझ. ही नावं खरोखरच मोठी आहेत. वालेन्सुएलाने १९८१ मध्ये एकाच हंगामात नवोदिताचा आणि सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, असे दोन्ही किताब पटकावले. पण त्यांना तुमच्या हारतुऱ्यांची गरज नाही आणि ते तुमच्या गावचेही नाहीत. हद्द आखून घ्या : या गावात किंवा नदीपलीकडच्या जोडगावात जन्मलेला, वाढलेला, खेळलेला किंवा निदान दहा वर्षं काम केलेला माणूस. ‘पलीकडचे धरायचे का?’ हा वाद पहिल्याच दिवशी निघतो. माझं मत स्पष्ट आहे, धरायचे. इथल्या लीगचा निम्मा इतिहास पलीकडच्या मैदानांवर घडलेला आहे.

नंतर विभाग. आमच्याकडे पाच आहेत : खेळाडू, प्रशिक्षक, संपूर्ण संघ, पंच किंवा वार्ताहर, आणि ‘प्रोमोतोर देपोर्तिवो’. या शेवटच्या शब्दाला आपल्याकडे क्रीडा संघटक म्हणतात, पण त्यात बरंच काही मावतं. महापालिकेकडून मैदानाचा परवाना आणणारा, रविवारी पहाटे चुन्याच्या रेघा मारणारा, पोरांच्या गणवेशावर आपल्या बेकरीचं नाव घालून पैसे देणारा, तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले उंडे, विकून प्रवासखर्च जमवणाऱ्या आयांचा गट, असे सगळे त्यात येतात. खेळाडूचा सत्कार सोपा असतो, कारण त्याचे आकडे छापलेले असतात. मैदान राखणाऱ्याच्या नावावर धावाही नसतात आणि विकेटाही नसतात. म्हणून आपली सगळी पद्धत या दुसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बांधायची. ती त्याला पुरली तर खेळाडूला आपोआप पुरते, उलट होत नाही.

संघाचा विभाग का, हे एका उदाहरणाने सांगतो. एल पासोचा सेगुंदो बार्रिओ ही अगदी सीमेला चिकटून असलेली गरीब वस्ती. तिथल्या बोवी हायस्कूलने १९४९ मध्ये टेक्सासची पहिलीवहिली राज्य शालेय बेसबॉल स्पर्धा जिंकली. ऑस्टिनमध्ये या मेक्सिकन-अमेरिकन मुलांना हॉटेलांनी जागा दिली नाही. विद्यापीठाच्या स्टेडियमच्या पायऱ्यांखाली खाटा टाकून ती झोपली, आणि अंतिम सामन्यात त्यांनी ऑस्टिनच्याच स्टीफन एफ. ऑस्टिन हायस्कूलला ३-२ ने हरवलं. त्यातल्या कुणा एकाला काढून हार घालणं हे इतरांवर अन्यायाचं होईल. त्यांचे प्रशिक्षक निमो हरेरा हे १९०० साली ब्राउन्सव्हिलला, म्हणजे सीमेवरच, जन्मलेले. त्याआधी १९४३ आणि १९४५ मध्ये सॅन अँटोनिओच्या लनियर हायस्कूलला त्यांनी बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद मिळवून दिलं होतं. असा माणूस दोन खेळांत, दोन गावांत वाटला गेलेला असतो. प्रत्येक गावाला त्याची अर्धीच गोष्ट ठाऊक असते.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९५२ च्या हेलसिंकीचं कांस्यपदक आणि मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी मिळालेला अर्जुन पुरस्कार. पण त्या प्रवासासाठी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करणाऱ्या प्राचार्य खर्डेकरांचं नाव किती जण घेतात? समितीत मी हे सांगितलं, तेव्हा एका म्हाताऱ्या पंचाने फक्त मान हलवली आणि त्याच्या गावातलं एक नाव घेतलं. आमच्या यादीतलं पहिलं नाव तेच.

समिती : विषम संख्या, गुप्त मतदान

सात किंवा नऊ जण पुरेत. निदान दोन बायका, एक तरी पलीकडच्या गावातला, एक तिशीच्या आतला, आणि एक असा की ज्याला खेळातलं काही कळत नाही. ही शेवटची जागा माझी. कळत नसलेला माणूस ‘म्हणजे नक्की काय केलं त्यांनी?’ असं विचारतो आणि त्यातूनच खरी माहिती बाहेर येते.

नियम कागदावर आणा. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या दालनात, यायला खेळाडूला ७५ टक्के मतं लागतात आणि निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंटे १९७२ च्या ३१ डिसेंबरला भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला, तेव्हा ती अट बाजूला ठेवून १९७३ मध्ये त्याला घेतलं. आपल्या गावाला ७५ टक्क्यांची अट चालेल. नऊपैकी सात मतं धरा. थांबण्याची मुदत मात्र नको. आपले उमेदवार सत्तरी-ऐंशीतले असतात, त्यांना ‘पाच वर्षांनी बघू’ म्हणणं क्रूर आहे. उलट पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचे अर्ज सर्वांत आधी वाचायचे.

नातेवाइकाचा अर्ज आला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं. छोट्या गावात हे दर तासाला घडतं, त्यामुळे कॉफीचा थर्मास बाहेरच ठेवा. वर्षाला सहापेक्षा जास्त सत्कार करू नका. एका वर्षी आम्ही चौदा केले. रात्री साडेअकराला शेवटचं नाव पुकारलं, तेव्हा सभागृहात त्यांचंच कुटुंब उरलं होतं.

लहान मुलांबरोबर काम केलेल्या प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासणी करा. हा विषय कुणालाच आवडत नाही. एकदा नियमात घातलं की कुणावर वैयक्तिक संशय घेतल्यासारखं होत नाही. सन्मान काढून घेण्याचं कलमही त्याच दिवशी लिहून टाका.

पुरावा गोळा करणं : निम्मं काम इथेच

अर्जाचा नमुना दोन्ही भाषांत, एका पानाचा. पण खरे संघटक स्वतःचा अर्ज कधीच भरत नाहीत, हे गृहीत धरून चला. त्यांच्याकडे आपणच जायचं.

संघटकासाठी आम्ही तीन गोष्टी मागतो. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या तीन जणांची पत्रं. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुठल्या मैदानावर. आणि एक तरी वस्तू. वस्तू म्हणजे काहीही. मैदान भाड्याची पावती, प्रायोजकाचं नाव असलेला गणवेश, गुणांची वही. एका बाईंनी आम्हाला पिठाचा जुना पत्र्याचा डबा दाखवला. त्यावर रंगाने १ ते ९ आकडे लिहिलेले होते. त्यांचा नवरा डब्यांच्या झाकणांना खिळ्याने भोकं पाडून फलकावर अडकवायचा, तोच लीगचा धावफलक. झाकणं गेली, डबा राहिला होता. त्या डब्याने समितीला जे पटवलं ते तीन पत्रांनीही पटवलं नसतं.

वर्तमानपत्र शोधताना एक लक्षात ठेवा. लारेडो मॉर्निंग टाइम्स १८८१ पासून निघतं, तेव्हा सामग्री भरपूर आहे. सार्वजनिक वाचनालयात आधी विचारा. पण जुन्या इंग्रजी बातम्यांत स्पॅनिश नावांची मोडतोड असते. उत्तम उदाहरण लिओ नाहोचं. खरं नाव लिओनार्दो अलानीस. ‘कोनेहो’, म्हणजे ससा, या टोपणनावावरून ‘नाहो’ झालं आणि तेच चिकटलं. मेक्सिकोत जन्मलेला आणि सीमेवरच्या मिशन गावात वाढलेला हा खेळाडू १९३९ मध्ये मेक्सिकन बेसबॉलच्या ‘सालोन दे ला फामा’च्या, म्हणजे तिकडच्या हॉल ऑफ फेमच्या, पहिल्या तुकडीत होता. पण अलानीस शोधत बसलात तर इकडचे निम्मे सामने हाती लागणार नाहीत. म्हणून प्रत्येक उमेदवाराच्या पानावर सगळ्यांत वर रकाना हवा : कागदोपत्री नाव, मैदानावरचं नाव, घरातलं नाव, वर्तमानपत्राने छापलेलं नाव. तो ‘सालोन’ आता मोंतेर्रेयमध्ये आहे. मेक्सिकन लीगमध्ये खेळलेल्यांबद्दल तिथे चौकशी करता येते.

फोटो घरी न्यायचे नाहीत. कधीच नाहीत. स्कॅनर आपण घेऊन जायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडायचा, ६०० डीपीआयला स्कॅन करायचं आणि फोटो तिथल्या तिथे परत द्यायचा. मागच्या बाजूची अक्षरंही स्कॅन करा. बरेचदा सगळ्यांची नावं तिथेच असतात. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने लॅटिनो बेसबॉलवरचं प्रदर्शन उभारताना वस्त्यावस्त्यांत असेच संकलनाचे दिवस ठेवले होते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या विद्यापीठातला लॅटिनो बेसबॉल इतिहास प्रकल्पही घरोघरच्या अल्बमांतूनच उभा राहिला. आपण तेच लहान प्रमाणात करतो आहोत.

मुलाखत एक ते दीड तासाची. ‘तुमच्या कारकिर्दीबद्दल सांगा’ असं विचारलंत की पाच मिनिटांत गप्पा आटपतात. त्यापेक्षा असं विचारा :

– पहिलं मैदान कुठे होतं? आज तिथे काय आहे?
– गणवेशाचे पैसे कुणी दिले?
– दुसऱ्या गावी गेलात की कुठे जेवायचात, कुठे झोपायचात?
– सामना संपल्यावर बॅटा कुणाच्या घरी ठेवायचे?
– तुमच्याऐवजी कुणाचा सत्कार व्हायला हवा होता?

शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. पुढच्या वर्षीचे निम्मे अर्ज त्यातूनच निघतात. ‘कुठे झोपायचात’ला आम्हाला मिळालेली उत्तरं ऐकली की बोवीच्या मुलांची गोष्ट अपवाद वाटत नाही.

बोलण्याबाबत मराठी माणसाला इथे एक आयता फायदा आहे. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात आणि ‘तुम्ही’ला ‘उस्तेद’. इंग्रजीवाला सरसकट सगळ्यांना ‘तू’ म्हणून मोकळा होतो. आपली जीभ आपोआप अडखळते, आणि ते बरंच. वडीलधाऱ्यांना नावाआधी ‘दोन’ (आकडा नव्हे, आपल्या ‘श्री’सारखं) किंवा बाईंना ‘दोन्या’, प्रशिक्षकाला ‘कोच’, शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला ‘प्रोफे’. स्वतःची ओळख लोक ‘मेहिकानो’, ‘तेहानो’, ‘हिस्पॅनिक’ अशी वेगवेगळी सांगतात. ‘लॅटिनो’ हा शब्द पत्रकावर ठीक आहे. माणसाच्या परिचयात त्याने स्वतः वापरलेला शब्दच घाला.

आणि नाजूक गोष्ट. जन्मगाव, पत्ता, कोण कधी या बाजूला आलं, हे विचारल्याशिवाय छापू नका. एकाच घरात कुणी नागरिक असतो, कुणी नसतो. अनुमतीपत्र दोन्ही भाषांत असू द्या, आणि ‘हे वगळा’ असं लिहायला त्यात जागा ठेवा.

नाव नीट लिहा

हा वेगळा टप्पा का केला, ते सांगतो. पहिल्या वर्षी आमचा एक फलक चुकला. आडनाव होतं पेन्या. त्यातल्या ‘न’च्या अक्षरावर एक छोटी लाट असते, तिच्यामुळे तो ‘न्य’ होतो. फलकवाल्याच्या यंत्रात ती लाट नव्हती म्हणून त्याने ती गाळली. पेन्या म्हणजे खडक, पेना म्हणजे दुःख किंवा लाज. पितळी फलकावर, वडिलांच्या तसबिरीखाली, ‘लाज’ असं कोरलेलं घेऊन ते कुटुंब घरी गेलं. मुलगा एवढंच म्हणाला, ‘शाळेतही असंच लिहायचे.’ दुसरा फलक आम्ही पदरचे पैसे घालून केला, पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही.

याहून भयंकर चूक प्रमाणपत्रात होऊ शकते. ‘२५ वर्षांची सेवा’ लिहिताना ‘वर्षं’ला ‘आन्योस’ म्हणतात. लाट गळली की त्याचा अर्थ शरीराच्या अशा भागावर जातो की जो भर सभेत वाचता येणार नाही. आपल्याकडे ‘मंदिरा’वरचा टिंब गेला की ‘मदिरा’ होते, तसंच; फक्त अब्रू जास्त जाते.

दोन आडनावांचं प्रकरण समजून घ्या. आधी वडिलांचं, मग आईचं. हाक मारायची ती पहिल्याने, म्हणजे वडिलांच्या. कूपर्सटाउनसारख्या ठिकाणीही हे चुकलं होतं : १९७३ च्या फलकावर ‘रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे’ कोरलं गेलं, म्हणजे आईचं आडनाव मधलं नाव झालं. तो फलक २००० मध्ये नवा ओतून ‘रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर’ असा दुरुस्त केला. सत्तावीस वर्षं गेली त्यात. तुम्ही फलकाचा नमुना कागदावर छापा, घरच्यांना दाखवा, त्यावर त्यांची सही घ्या, आणि मगच कोरायला द्या. आमच्या फायलीत आता प्रत्येक फलकामागे असा सहीचा कागद आहे.

पैसा आणि कागद

थोडक्यात सांगतो. देणग्या घ्यायच्या असतील तर ना-नफा संस्थेची नोंदणी हवी. वर्षाचं उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल तर करखात्याचा छोटा, ऑनलाइन अर्ज चालतो. तोवर एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली राहा. अशा संस्थेला निवडणुकीत कुणाची बाजू घेता येत नाही, त्यामुळे निवडणुकीच्या हंगामात उमेदवाराला मंचावर बोलवायचं नाही. प्रेक्षकांत बसू द्या.

बिअर कंपन्या बेसबॉलच्या जुन्या आश्रयदात्या आहेत. पण कार्यक्रम शाळेच्या आवारात असेल तर त्यांचा फलक लावता येणार नाही. शाळेत शिकणाऱ्या खेळाडूला रोख किंवा महागडी वस्तू देऊ नका. टेक्सासच्या शालेय स्पर्धांना हौशीपणाचे नियम आहेत आणि तुमच्या कौतुकापायी पोराचा हंगाम जाईल. आधी त्याच्या प्रशिक्षकाला विचारा. शिष्यवृत्ती द्यायची तर ती थेट कॉलेजला जाईल अशी व्यवस्था करा.

फलकापेक्षा जेवणावर खर्च जास्त होतो, हे धरून चला. प्रत्येक सत्कारमूर्तीमागे किमान पंधरा माणसं येतात. तिकिटं लावलीत तरी पहिली दहा त्यांच्या कुटुंबाला फुकट द्या. स्वतःच्या आजोबांचा सत्कार बघायला नातवंडांकडून पैसे घेणारी समिती मी पाहिली आहे. तिचं नाव घेत नाही.

तारीख, पूल आणि घड्याळ

फेब्रुवारी टाळा. लारेडोत १८९८ पासून वॉशिंग्टनच्या वाढदिवसाचा उत्सव चालतो, आणि त्या महिन्यात हॉटेल, सभागृह, बँडवाला, काही म्हणजे काही मिळत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि आपले पाहुणे म्हातारे. पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबर हा अमेरिकेत हिस्पॅनिक वारसा महिना. पत्रकांना आणि प्रायोजकांना तो आवडतो. पण पंधरा-सोळा सप्टेंबरला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असतो, तेव्हा पलीकडचं कुणी येणार नाही. शुक्रवारी रात्री शाळांचं फुटबॉल. रविवारी खुद्द लीगचे सामने. उरतो शनिवार, आणि शनिवारची सभागृहं किन्सेआन्येराने, म्हणजे मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यांनी, वर्षभर आधीच भरलेली. म्हणून सभागृह आधी, बाकी सगळं नंतर.

पलीकडून येणाऱ्यांसाठी निदान चार महिने हाताशी ठेवा. मेक्सिकन नागरिकाला लागणारं सीमापार कार्ड दहा वर्षांसाठी असतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं ते हटकून संपलेलं असतं. ते कार्ड असलेल्याला टेक्सासमध्ये सीमेपासून २५ मैलांच्या आत वेगळा परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. म्हणजे कार्यक्रम लारेडोतच ठेवा. ‘सॅन अँटोनिओच्या मोठ्या हॉटेलात करू’ असं कुणी सुचवलं तर दीडशे मैल, महामार्गावरचं तपासणी नाकं आणि परवाना हे तिन्ही त्याच्यापुढे मांडा. नियम बदलतात, पत्रिका छापण्याआधी ताजी माहिती घ्या आणि पत्रिकेबरोबर दोन्ही भाषांतलं निमंत्रणपत्र संस्थेच्या कागदावर द्या.

घड्याळाचं गंमतशीर आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, पण सीमेलगतच्या बऱ्याच गावांना सूट दिली. त्यामुळे नुएवो लारेडोचं घड्याळ आपल्याबरोबर चालतं आणि मोंतेर्रेयचं उन्हाळ्यात एक तास मागे राहतं. मोंतेर्रेयहून येणाऱ्या एका जुन्या खेळाडूने आम्हाला असाच तासभर ताटकळवला, आणि चूक आमची होती. पत्रिकेवर ‘लारेडोची वेळ’ असं छापा. शिवाय पुलावरची रांग कधी वीस मिनिटं, कधी दोन तास. म्हाताऱ्यांना पायी पुलाने आणून अलीकडे गाडी उभी ठेवणं बरेचदा सोयीचं पडतं. चाकाची खुर्ची आणि सावलीला छत्री घेऊन दोन पोरं पाठवा.

कार्ड नाहीच झालं तर? तर सत्कार पलीकडे न्यायचा. दोघं-तिघं फलक घेऊन त्यांच्या मैदानावर जा, तिथे रविवारच्या सामन्याआधी तो द्या आणि मोबाइलवर चित्रीकरण करून इकडच्या कार्यक्रमात दाखवा. पडद्यावर नुसता जोडून घेतलेला, अडखळणारा थेट कॉल म्हाताऱ्या माणसाची फजिती करतो.

कार्यक्रमाची संध्याकाळ

दोन्ही राष्ट्रगीतं व्हावीत. मेक्सिकन राष्ट्रगीताला तिथले लोक उजवा हात छातीशी आडवा, तळवा खाली करून धरतात. अमेरिकन पद्धतीने तळवा छातीवर टेकवत नाहीत. सूत्रसंचालकाला हे आधी दाखवून ठेवा. झेंड्याबद्दल शंका असेल तर मेक्सिकोच्या वकिलातीत फोन करा, ते आनंदाने सांगतात.

सूत्रसंचालन दोन्ही भाषांत हवं, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचं नाही. परिचय स्पॅनिशमध्ये, घोषणा इंग्रजीत, आणि पडद्यावर दुसऱ्या भाषेतला मजकूर. एवढं पुरतं. पुढाऱ्यांना दोन मिनिटं, तीही जेवणाआधी. परिचय दीडशे शब्दांचा आणि त्यात निदान एक तरी वस्तू यावी. ‘त्यांनी समाजासाठी अमूल्य योगदान दिलं’ हे वाक्य कुणालाही चिकटवता येतं, म्हणून ते खोडा. ‘झाकणांना भोकं पाडून धावफलक केला’ हे एकाच माणसाचं असतं.

सत्कारमूर्तीला बोलायला लावू नका. बोलावंसं वाटलं तर माइक जवळ असू द्या. फलक देण्याचा मान पाहुण्याला देण्यापेक्षा त्यांच्या हाताखाली खेळलेल्या कुणाला तरी द्या. आमच्याकडे एका पंचांना फलक देण्यासाठी जो पन्नाशीचा माणूस उभा राहिला, त्याला त्याच पंचांनी विशीत असताना मैदानाबाहेर काढलं होतं. फलक देताना तो म्हणाला, ‘सेफ होतो मी.’ पंच म्हणाले, ‘आउट.’ सभागृह पाच मिनिटं हसायचं थांबेना.

पहिल्या ओळी कुटुंबांसाठी. फोटोवाल्याला सांगा की मंचावरच्या रांगेचा एकच फोटो काढ, बाकी टेबलांवर फिर. बाहेरच्या भिंतीवर स्कॅन केलेले जुने फोटो नावांच्या रिकाम्या ओळींसह लावा आणि पेन्सिली टांगून ठेवा. ‘मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा कोण?’ याचं उत्तर त्या संध्याकाळी मिळतं, नंतर कधीच मिळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून

सोमवारी पहिला फोन ज्यांची निवड झाली नाही त्यांच्या घरी करा. अर्ज तीन वर्षं जिवंत राहील असा नियम ठेवा आणि फोनवर तेच सांगा. कुठला कागद कमी पडला तेही सांगा. हा फोन समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाने करायचा.

स्कॅन, मुलाखती आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहून मिळालेली नावं, या सगळ्याच्या तीन प्रती करा. एक कुटुंबाला पेनड्राइव्हवर, एक समितीकडे, एक गावच्या वाचनालयाला किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. फलक घरात जातो, नातवंडांच्या वाटण्या होतात, फलक हरवतो. फाइल राहते.

मैदानाला नाव द्यायचं असेल तर ते वेगळं, लांबलचक काम आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज, सार्वजनिक सुनावणी, परिषदेचं मतदान. मिशन गावात लिओ नाहोच्या नावाचं मैदान आहे, तेव्हा अशक्य काही नाही. तोवर मैदानाच्या कुंपणाला एक साधा, दोन भाषांतला पत्र्याचा फलक लावायला परवानगी लवकर मिळते. उन्हात रंग दोन वर्षांत उडतो. तो पुन्हा रंगवायची जबाबदारी कुणाची, हे नाव घालून लिहून ठेवा. आमच्या वहीत त्या रकान्यापुढे सध्या माझं नाव आहे, आणि ‘न्य’वरची लाट मी दर वेळी सगळ्यात आधी काढतो.